एकच ‘ए’, कामे अनेक

प्रश्न : ऑकलंडला स्थायिक झालेली माझी मुलगी माओरी शिकत आहे. तिच्या सामोअन आणि टोंगन मैत्रिणींच्या बोलण्यातही माओरीतला ‘ए’ हा छोटा शब्द सतत ऐकू येतो. या सर्व पॉलिनेशियन भाषांत त्याचा अर्थ एकच आहे का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : अर्थ एकच नाही, खुद्द माओरीतसुद्धा ‘ए’ एकाहून अधिक कामे करतो. “ए होने!” ही हाक आहे, “ए रुआ” म्हणजे ‘दोन’, आणि “इ कितेआ ते फारे ए होने” या वाक्यात तो कर्ता दाखवतो : ‘होनेकडून घर पाहिले गेले’. हाकेचा ‘ए’ मराठी कानाला ओळखीचा वाटेल, पण हे साम्य निव्वळ योगायोगाचे आहे. आपला ‘ए’ सलगीचा, तर माओरीत आजोबांच्या वयाच्या माणसालाही आदराने “ए कोरो” म्हणतात. हे तिन्ही ‘ए’ वेगळे शब्द मानावेत आणि वाक्यातल्या जागेवरून ओळखावेत, हे बरे.

मैत्रिणींच्या भाषांशी खरे नाते आहे ते कर्त्याच्या ‘ए’चे, आणि तेथे मराठी माणसाला समजायला सोपे असे काही सापडते. टोंगनमध्ये “ना’ए काइ ’ए सिओने ’आ ए इका” म्हणजे ‘सिओनेने मासा खाल्ला’. “ना’ए ’आलु ’आ सिओने” म्हणजे ‘सिओने गेला’. खाणाऱ्याला ’ए लागतो, जाणाऱ्याला मात्र माशाप्रमाणेच ’आ लागतो. ‘रामाने मासा खाल्ला’ आणि ‘राम गेला’ यांतला ‘ने’चा फरक नेमका हाच. मात्र आपला हा ‘ने’ मुख्यतः भूतकाळात येतो, तर टोंगन ’ए वर्तमानकाळातही टिकतो. पहिल्या वाक्यात ‘इका’च्या आधीचा ए मात्र कंठ्य अटकावाशिवाय, म्हणजे घशात श्वास क्षणभर न अडवता, उच्चारला जातो आणि तो उपपद आहे, म्हणून टोंगन लिहिताना हा अटकाव दाखवणारे ते उलटे स्वल्पविरामासारखे चिन्ह गाळू नये. सामोअनमध्येही “सा ’आइ ए ले तामा ले इ’आ” (मुलाने मासा खाल्ला) हे साधे, रोजचे वाक्य आहे. माओरीत आणि हवाईयनमध्ये मात्र हाच ‘ए’ कर्मणी रचनेत कर्त्यापुढे येतो.

मूळ रचना कोणती, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पॅट होहेपा या माओरी भाषाशास्त्रज्ञाने १९६९ मध्ये असे मांडले की माओरीसारखी रचना जुनी असून टोंगन-सामोअन तिच्यापासून दूर सरकल्या. रॉस क्लार्क यांनी १९७६ मध्ये बरोबर उलट दिशा दाखवली. टोंगन ही या कुळाच्या सर्वांत आधी वेगळ्या झालेल्या शाखेतली भाषा आहे आणि सामोअन दुसऱ्या शाखेतली. दोन्ही शाखांत हा ‘ए’ साध्या कर्तरी वाक्यात कर्त्याला लागत असल्याने मला क्लार्क यांचे म्हणणे अधिक पटते.