शाळेतली आरोग्य खोली : कपाटाआधी वही

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेचा पट 210 आहे. लोकवर्गणीतून एका रिकाम्या खोलीत मुलांसाठी छोटा दवाखाना करायचा आहे. कोणती औषधं आणून ठेवावीत?
– मुख्याध्यापक, केज तालुका

उत्तर : औषधं थोडीच ठेवा. डॉक्टर नसताना अँटिबायोटिक कपाटात नकोच. ओआरएस, गॉज, चिकटपट्टी, पोव्हिडोन आयोडीन, थर्मामीटर, वजनकाटा, उंचीपट्टी. पॅरासिटामॉल द्यायचं तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वजनाच्या तक्त्याप्रमाणेच. खोली स्लॅबची बघा, पत्र्याखाली उन्हाळ्यात गोळ्या खराब होतात. ओआरएसचं 1 लिटरचं पाकीट मोजून 1 लिटर पाण्यातच टाका. तांब्याभर पाण्यात अंदाजाने ओतलं की द्रावण घट्ट होतं आणि जुलाब वाढतात.

आठवड्याची लोहाची गोळी, पाचवीपर्यंत गुलाबी आणि पुढे निळी, खिचडी पोटात गेल्यावरच द्या. सोमवार ठरवला असेल तर श्रावणात वार बदला. उपाशीपोटी एकाला उलटी झाली की अख्खा वर्ग घाबरतो. शी काळी होते, हे पालकसभेत आधीच सांगा, नाहीतर पुढच्या आठवड्यात गोळ्या परत येतात.

खरी गळती पुढे आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा येतं, मुलं तपासतं, मोठ्या दवाखान्यात पाठवायची संदर्भ चिठ्ठी देतं. ती चिठ्ठी दप्तरातच चुरगळून जाते. म्हणून वहीत पाच रकाने पाडा : नाव, काय आढळलं, कुठे पाठवलं, गेल्याची तारीख, पुढे काय झालं. चौथा रकाना कोरा दिसला की पालकांना फोन. दर पंधरवड्याला एका शिक्षकाने हे काम करायलाच हवं. तुमच्याकडे दिवाळीच्या आसपास निम्मी घरं ऊसतोडीला जातात, म्हणून पथकाकडे जुलै-ऑगस्टचीच तारीख मागा आणि चिठ्ठीचा फोटो आईवडिलांच्या फोनवर पाठवा. कारखान्याच्या गावातल्या सरकारी दवाखान्यातही तो दाखवता येतो.

प्रश्न : डोळे तपासणीत सगळी मुलं पास होतात, पण फळ्यावरचं काहींना दिसत नाही. असं का?
– शिक्षिका, भोकरदन

उत्तर : रांगेतली मुलं ओळ ऐकून पाठ करतात. एकेकालाच आत घ्या, ‘ई’चा तक्ता (वेगवेगळ्या दिशांना वळवलेलं इंग्रजी E अक्षर) वापरा आणि बोटाने दिशा दाखवायला सांगा. अंतर टेपने मोजून 6 मीटर. खोली अपुरी असेल तर व्हरांडा. डोळा तळहाताने झाका, बोटांच्या फटीतून मुलं बघतात. दाबूही नका, तो डोळा नंतर धूसर बघतो.