एमडीआर टीबीच्या रुग्णासोबत राहणाऱ्यांनी प्रतिबंधात्मक औषध घ्यावे का?

तुमच्या भावाला एमडीआर टीबी (अनेक औषधांना दाद न देणारा क्षयरोग) असल्याचे निदान झाले आहे आणि चार वर्षांच्या मुलीसह घरातल्या सर्वांनी आतापासूनच गोळ्या सुरू कराव्यात का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते घ्याव्यात, मात्र त्याआधी भावाचा औषध-संवेदनशीलता चाचणीचा (त्याच्या जंतूंवर कोणती औषधे चालतात, हे सांगणारा) अहवाल डॉक्टरांपुढे ठेवा. एमडीआरचे जंतू आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन या टीबीवरच्या दोन्ही मुख्य औषधांना दाद देत नाहीत, त्यामुळे एरवी संपर्कातील व्यक्तींना दिली जाणारी आयसोनियाझिडची गोळी इथे भरवशाची नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2024 मध्ये अशा संपर्कातील व्यक्तींसाठी सहा महिने रोज लिव्होफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक घेण्याची शिफारस केली. तिचा आधार म्हणजे दक्षिण आफ्रिकेत प्रामुख्याने लहान मुलांवर आणि व्हिएतनाममध्ये प्रामुख्याने प्रौढांवर झालेल्या दोन चाचण्या. यांतली कोणतीही एक चाचणी स्वतंत्रपणे निर्णायक ठरली नव्हती, पण दोन्हींची आकडेवारी एकत्र तपासल्यावर टीबी होण्याचे प्रमाण सुमारे 60 टक्क्यांनी कमी दिसले. भावाचे जंतू लिव्होफ्लॉक्सासिनलाही प्रतिरोधी असतील, तर मात्र या औषधाचा उपयोग नाही. म्हणूनच मी अहवालाचा आग्रह धरतो.

दुसरी अट याहून महत्त्वाची आहे. गोळी सुरू करण्यापूर्वी घरातल्या कोणाला आजार आधीच झालेला नाही, याची खात्री झालीच पाहिजे. खोकला, ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे, मुलीच्या बाबतीत वजन न वाढणे किंवा ती मलूल राहणे, यांची विचारपूस आणि छातीचा एक्स-रे टाळू नका, कारण आजार जडलेल्या माणसाला हे एकच औषध दिले, तर तो बरा तर होत नाहीच, उलट जंतू त्या औषधालाही सरावतात.

मुलीसाठी पाण्यात विरघळणारी 100 मिलिग्रॅमची गोळी मिळते का ते विचारा. मोठ्यांची गोळी कुटून दिली की ती कडू लागते आणि मुले थुंकून टाकतात. आम्लपित्तावरची औषधे, लोह किंवा झिंकच्या गोळ्या यांच्यासोबत लिव्होफ्लॉक्सासिन घेऊ नये, कारण ते नीट शोषले जात नाही. त्यांच्यात किमान दोन तासांचे अंतर ठेवा. सांधे किंवा टाच दुखू लागली, तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना कळवा.

संसर्गानंतरची पहिली दोन वर्षे सर्वाधिक जोखमीची असतात, त्यामुळे गोळ्या घेतल्या असोत वा नसोत, तेवढ्या काळात ठरावीक अंतराने सर्वांची तपासणी करून घ्या.