संत्र्याचं फेसाळ पेय घरी केलं की दोन मिनिटांत फेस बसतो आणि दूध फाटतं. काय चुकतं?

संत्र्यांचं काही चुकत नाही. हे आधीच सांगते, कारण पाच वर्षं मी तेच ऐकतेय.

पुतण्याचा वाढदिवस होता, बारा पोरं येणार होती. मी ऐनवेळी मिक्सरवर फिरवणार होते, पण धाकट्या जावेने “ताई, नंतर धावपळ नको” म्हणत रस आणि दूध जगमध्ये कालवून ओट्यावर ठेवून दिलं. अर्ध्या तासाने बघते तर खाली पिवळं पाणी, वर गुठळ्या आणि काचेला आतून चिकटलेले पांढरे कण. एका पोराने विचारलंही, “काकू, यात कापूस आहे का?” जाऊबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, “ताईंनी संत्रीच आंबट आणली.”

अहो, संत्र आंबटच असतं! सामू (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या आसपास आला की दुधातलं प्रथिन गोळा होतं आणि संत्र्याचा रस त्याच्याही खाली, साधारण ३.५ ते ४. १९२६ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झालेल्या ज्युलियस फ्रीडच्या रसाच्या दुकानात हे पेय निघालं, तेसुद्धा त्याच्या सोबत्याला, बिल हॅम्लिनला, नुसत्या रसाचा आंबटपणा पोटाला सोसत नव्हता म्हणून. तेव्हा आंबटपणाला दोष देऊ नका. दोष उबेचा आणि वेळेचा. गार असलं की फाटणं लांबतं.

म्हणून दोन वाट्या रसातला दीड वाटी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. साध्या बर्फाने चव पाणचट होते. बिया आधीच काढा, मिक्सरमध्ये भरडल्या गेल्या की कडू होतं. हे रसाचे खडे, उरलेला रस, साखर, दोन चमचे दुधाची पावडर, दोन थेंब व्हॅनिला असं फिरवा, शेवटी अर्धी वाटी गारेगार दूध घालून वीस सेकंद. भांडं निम्म्याहून जास्त भरू नका, हवा शिरायला जागा नको का? फेस धरतं ते पावडरमधलं प्रथिन. आईस्क्रीमने (हाही जाऊबाईंचाच सल्ला) पेय दाट होतं, पण त्यातल्या स्निग्धाने फेस बसतो.

अंड्याच्या पांढऱ्याने फेस जास्त टिकतो, पण कच्चं अंडं लहान मुलांना आणि गरोदर बाईला देऊ नका. आणि काहीही केलंत तरी दहा मिनिटांत संपवा.

गोड संत्र्यांनीही दूध फाटतं. हे मुद्दाम लिहितेय, जाऊबाई इथली उत्तरं वाचतात.