टाके निघाले, तरी आत्तींची दुखण्याची गोळी सुटंना

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. आमच्या आत्तींचं, म्हणजे सासूबाईंचं वय 72, गुडघा बदलून दीड महिना झाला. डिस्चार्जला ट्रॅमाडॉल-पॅरासिटामॉलची गोळी दहा दिवसांसाठी लिहून दिलेली, पण दुखतंय म्हणून तीच पुढं चालू ठेवली, मेडिकलवाला ओळखीचा आहे, जुन्या चिठ्ठीवर देतोय. आता चार-चार दिवस संडासला होत नाही, दिवसभर पेंगतात, परवा बाथरूमला जाताना तोल गेला. रात्री झोपेची अल्प्राझोलॅम पण असते, ती कैक वर्षांची. मामा म्हणतात व्यसन लागलं, आजच बंद कर. नणंद म्हणते दुखतंय तर सोसायचं कशाला. एक दिवस दिली नाही तर रात्रभर तळमळल्या, घाम, नाक गळतंय, जांभयावर जांभया. काय करू?
- एक सून, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: ताई, सगळ्यात आधी रात्रीचं बघा, कारण पत्र वाचताना मला खरी काळजी वाटली ती त्या अल्प्राझोलॅमची. ट्रॅमाडॉल हे अफूसारखं काम करणाऱ्या औषधांच्या घरातलं, ते दुखणं दाबतं तसा श्वासही मंद करू शकतं, आणि झोपेची गोळीही तेच करते, दोन्ही एका रात्री पोटात गेल्या की घरच्यांना वाटतं गाढ झोपल्यात आणि इकडं श्वास कमी कमी होत जातो. त्यात वय झालं की किडनी औषध हळू बाहेर टाकते. हाक मारून, हलवूनही जाग आली नाही, श्वास फार सावकाश किंवा घरघरत चालला, ओठ निळसर दिसले तर सकाळची वाट बघू नका, 108 ला फोन करा आणि सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत घालून बरोबर न्या. नॅलोक्सोन नावाचं इंजेक्शन असतं, अफूजातीच्या औषधानं थांबत चाललेला श्वास ते परत सुरू करू शकतं, पण कुठली गोळी घेतलीय ते डॉक्टरला कळायला पाहिजे ना.

मामांना सांगा, हे व्यसनच असं लगेच म्हणू नका. काही आठवडे रोज घेतली की शरीराला सवय होते, एकदम तोडली की घाम, जांभया, तळमळ हे होतंच, त्यात आत्तींचा काही दोष नाही. दुखणं नसतानाही मागणं, लपवून घेणं, स्वतःच डोस वाढवणं असं दिसलं तर मात्र डॉक्टरांना स्पष्ट सांगा. म्हणून आजच बंद नाही, सर्जनला आजच फोन करून डोस टप्प्याटप्प्यानं कसा उतरवायचा ते लिहून घ्या. अल्प्राझोलॅमही मनानं तोडू नका, इतक्या वर्षांची गोळी एकदम थांबवली तर फिट येऊ शकते.

संडासचं म्हणाल तर गुंगी, मळमळ हळूहळू कमी होते पण बद्धकोष्ठ या गोळ्या चालू आहेत तोवर सहसा हटत नाही, आतड्याची हालचालच मंदावते. नुसतं इसबगोल कमी पाण्यात दिलं तर आणखी घट्ट बसतं. लॅक्टुलोज किंवा बिसॅकोडिलसारखं औषध डॉक्टरांना विचारून चालू करा. पोट फुगलं, उलट्या झाल्या तर थांबू नका, दाखवाच.

नणंदबाईंचंही खरंय, दुखणं सोसत बसलं की व्यायाम होत नाही आणि गुडघा आखडतो. पण दीड महिन्यानंतरही एवढं दुखतंय तर का दुखतंय हे सर्जननं बघायला पाहिजे, इन्फेक्शन आहे का, फिजिओथेरपी नीट चाललीय का. गोळीखाली ते झाकून राहतं.

नैराश्याची किंवा नसांच्या दुखण्याची गोळी चालू असेल, एसिटॅलोप्रॅम, अमिट्रिप्टिलिन असं काही, किंवा पूर्वी कधी फिट आली असेल तर तेही सांगा, ट्रॅमाडॉलबरोबर त्याचं जमत नाही. सर्दीतापाच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, तेव्हा डबल होऊ देऊ नका, लिव्हरवर येतं.

आणि मेडिकलवाल्याला सांगा की आता नव्या चिठ्ठीशिवाय देऊ नको. 2018 पासून ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, ओळखीवर द्यायची ती गोळी नव्हेच. फोन केल्यावर सर्जनना पहिलं वाक्य हेच सांगा: आत्ती रात्री झोपेची गोळी पण घेतात.