कांडीला फ्लोराइडच कसं कळतं?

प्रश्न : सासरच्या गावी, यवतमाळ जिल्ह्यात, बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे म्हणतात. बाटलीभर पाणी मुंबईत आणून तपासायला दिलं. त्यांनी कांडी बुडवून लिटरला २.१ मिलिग्रॅम असा आकडा दिला. पाण्यात इतके क्षार असताना कांडीला नेमकं फ्लोराइडच कसं कळतं? आकड्यावर भरवसा ठेवू का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : परळच्या एका प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं माझ्या हातात हीच कांडी होती, त्यामुळे प्रश्न वाचून आनंद झाला. तिच्या टोकाला लॅन्थॅनम फ्लोराइडच्या स्फटिकाची छोटी चकती असते, त्यात किंचित युरोपियम मिसळलेलं. त्यामुळे स्फटिकात काही जागा रिकाम्या राहतात आणि त्यांतून फ्लोराइडचेच आयन सरकतात. क्लोराइड, सल्फेटला तिथे थारा नाही. चकतीच्या आत ठरावीक फ्लोराइडचा द्राव, बाहेर तुमचं पाणी. दोन्हीकडच्या फरकातून विद्युतदाब तयार होतो. २५ अंशांना फ्लोराइड दहापट झालं की सुमारे ५९ मिलिव्होल्टांचा फरक पडतो. म्हणून आधी १ आणि १० मिलिग्रॅमच्या माहितीतल्या द्रावांत कांडी बुडवून बघायची, मग नमुना. १९६६ साली फ्रँट आणि रॉस यांनी ही कांडी जगापुढे आणली.

पण कांडीला दिसतं ते फक्त मोकळं फ्लोराइड. ॲल्युमिनियम किंवा लोखंडाला बिलगलेलं तिला दिसत नाही. पाणी फार अल्कधर्मी असेल तर हायड्रॉक्साइडही तिला फसवतं. म्हणून नमुन्यात त्याच्याइतकंच बफर, म्हणजे आम्लता ठरावीक ठेवणारं द्रावण, घालायचं, त्याला आम्ही टिसॅब म्हणतो. ते पीएच ५ ते ५.५ वर आणतं आणि धातूंना पकडून फ्लोराइड सोडवतं. नव्या मुलींना मी हे कोऱ्या चहावर दाखवायचे. चहाच्या पानात फ्लोराइडही असतं आणि ॲल्युमिनियमही. नुसत्या चहात कांडी बुडवली की आकडा कमी यायचा, बफर घालून हिशेब केला की वर चढायचा. मुली दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहायच्या.

आकडा डोलत राहिला तर चकतीखाली बुडबुडा शोधावा. मी कांडी थोडी तिरकीच लावायचे, म्हणजे तो निसटतो.

तेव्हा प्रयोगशाळेत एवढंच विचारा: बफर घातलं होतं का? घातलं असेल तर आकडा खरा माना. भारतीय मानकानुसार १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. तुमचं पाणी त्याच्याही वर आहे, मुलांना ते देऊ नका. उकळून फ्लोराइड जात नाही, पाणी आटलं की उलट वाढतं. जवळपास दुसरी विहीर असेल तर तिचंही पाणी तपासायला आणा, प्लास्टिकच्या बाटलीतून.