ती चिठ्ठी फायलीतून काढ

«ताई, माझी मुलगी नऊ महिन्यांची आहे. एकेकदा पाजायला तासभर लागतो. चार घोट पिते, पाठ ताठ करते, मान फिरवते. सासूबाई म्हणतात, दूध जरा घट्ट करून दे म्हणजे पोटात राहील. नवरा म्हणतो, भूक लागली की आपोआप पिईल. बहिणीचा मुलगा हिच्याच वयाचा, तो सगळं खातो. वजन बरं आहे म्हणून डॉक्टरही फार काही बोलत नाहीत. एकदा स्पीच थेरपिस्टची चिठ्ठी दिली होती, पण ही अजून बोलायच्या वयाची कुठे आहे, म्हणून ती फायलीत ठेवून दिली. दूध प्यायल्यावर हिच्या गळ्यात गुळगुळ वाजतं, आम्ही तिला कौतुकाने ‘गुळण्याबाई’ म्हणतो. दोनदा छातीत कफ झाला, तेवढं सोडलं तर तब्येत छान. मी बळेच पाजू की सासूबाईंचं ऐकू?»

अगं, सहा पानी पत्र तुझं. वर दिलंय ते त्याचं सार. त्यातली चार पानं सासूबाईंची, दीड पान नवऱ्याचं आणि बहिणीच्या मुलाचं, आणि चिठ्ठीच्या वाट्याला एक ओळ. मी ती ओळ तीनदा वाचली. बाकीच्या पानांवर आज मी एक शब्दही बोलणार नाही.

बोलायला जे ओठ, जीभ, टाळू आणि घसा लागतो, गिळायलाही तेच लागतात. म्हणून गिळताना काही बिनसलं तर ते तपासणं हे स्पीच थेरपिस्टचंच काम. त्यांच्याकडे महिन्या-दोन महिन्यांची बाळंही येतात, आणि ती काही शब्द शिकायला येत नाहीत. ‘बोलण्यासाठी नाही, गिळण्यासाठी’ असं डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहायला हवं होतं, हे मान्य. पण तुला प्रश्न पडला होता ना? मग तो तिथेच का नाही विचारलास?

आता त्या गुळगुळीकडे ये. नाव गोड ठेवलंयत, पण ते मला ऐकवत नाही. प्यायल्यावर बाळाचा आवाज असा ओला येतो, तेव्हा दूध घशात, स्वरयंत्राच्या आसपास रेंगाळत असण्याची शक्यता असते. तिथून थोडंसं श्वासनलिकेत उतरू शकतं. आपल्याला अशा वेळी जोराचा ठसका लागतो. तान्ह्या बाळांना पुष्कळदा लागतच नाही, दूध काही आवाज न करता भलत्या वाटेने जातं. त्याच्या शेजारी छातीत दोनदा झालेल्या कफाबद्दलचं ते ‘तेवढं सोडलं तर’ ठेवून बघ. तेवढंच सोडायचं नव्हतं, बाई! तिच्या बाबतीत हेच घडतंय असं मी पत्रावरून सांगू शकत नाही. कारण साधंही निघेल. पण ते घरात बसून कळणार नाही.

वजनाचं म्हणशील, तर काट्यावर फक्त पोटात किती गेलं ते कळतं. कुठल्या वाटेने गेलं आणि ते गिळताना पोरीची किती दमछाक झाली, हे काट्याला काय माहीत? रोजच पाजायला अर्ध्या तासाहून जास्त लागत असेल, तर वजन चांगलं असलं तरी दाखवायचं असतं. ती पाठ ताठ करते, मान फिरवते, म्हणजे तिला जेवढं सांगता येतं तेवढं ती सांगतेय. बळेच पाजायचं नाव काढू नकोस.

आणि दूध घट्ट करू नकोस. कधीकधी तज्ज्ञ तसं सांगतातही, पण कशाने आणि किती, हे बाळाला तपासून ठरवतात. अंदाजपंचे नाही.

तिथे गेल्यावर थेरपिस्ट बहुधा तुलाच पाजायला सांगतील आणि नुसतं बघतील. म्हणून तिला भूक लागेल अशा वेळी जा आणि घरचीच बाटली, घरचाच चमचा ने. तू तिला कशी धरतेस, निपलमधून दूध किती वेगाने येतं, चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ कुठे सुटतो, हे ते पाहतील. पुष्कळदा कमी वेगाचं निपल, कुशीवर धरणं, मध्ये मध्ये थांबणं, एवढ्यानेही फरक पडतो. शंका राहिली तर दुधात बेरियम, म्हणजे एक्स-रेत उठून दिसणारा पदार्थ, मिसळून, ती गिळत असताना एक्स-रेवर चित्रण करतात. घोट कुठे जातो ते त्यात डोळ्यांनी दिसतं. आज रात्री पाजून झाल्यावर ती गुळगुळ मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेव, कारण परक्या खोलीत मुलं नेमकी शहाण्यासारखी वागतात. हे रेकॉर्डिंग आणि ते दोन्ही वेळचे कफ, आधी तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घाल. चिठ्ठी जुनी झाली असली तर त्यांच्याकडूनच नवी घे.

पिताना ओठ निळसर झाले, श्वास अडला किंवा धाप लागली, तर मात्र चिठ्ठीबिठ्ठी विसर आणि थेट हॉस्पिटल गाठ.

उद्या सकाळी फोन करून वेळ घे. जाताना सासूबाईंनाही ने. दूध घट्ट करायचं का, हे त्यांनी थेरपिस्टनाच विचारावं.