कोअर आय३-२३१०एम असलेल्या जुन्या लॅपटॉपला कोणता प्रोसेसर बसेल?

तुमच्या लॅपटॉपचा चिपसेट, म्हणजे प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणारी बोर्डावरची चिप, एचएम६५, आत कोअर आय३-२३१०एम, आणि कुणीतरी 'कुठलाही आय७ टाक, पळेल' असं सांगितलंय. कुठलाही नाही चालणार. नुसतं आय७ हे नाव बघून काही ठरत नाही.

आधी तुमचा प्रोसेसर निघतो का, ते बघा. २३१०एम दोन प्रकारांत आला होता: एक पिनांचा, सॉकेटमध्ये (बोर्डावरच्या खाचेत) बसणारा, आणि दुसरा बोर्डावर थेट सोल्डर केलेला. लॅपटॉप न उघडताही हे कळतं. सीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर चालवा आणि 'पॅकेज'ची ओळ वाचा. तिथे ९८८बी आरपीजीए दिसलं, म्हणजे सॉकेटचा, तर पुढे वाचा. १०२३ बीजीए दिसलं, म्हणजे सोल्डरचा, तर प्रोसेसरचा विषय सोडून द्या. बीजीए चिप बदलून देणारे कारागीर आहेत, पण एवढ्या जुन्या बोर्डावर तो खटाटोप मी तरी करणार नाही.

सॉकेट आहे असं धरून चालू. पिनांची संख्या जुळली म्हणजे काम झालं, असं नाही. तुमचा २३१०एम दुसऱ्या पिढीचा आहे. पहिल्या पिढीचे आय५, आय७ सुद्धा ९८८ पिनांच्या सॉकेटचेच, पण ते सॉकेट ९८८ए, तुमच्यात बसत नाही. चौथ्या पिढीचं सॉकेट तर वेगळंच. तिसरी पिढी तुमच्या सॉकेटमध्ये बसते, एचएम६५ वर चालूही शकते, पण लॅपटॉप कंपनीने तिच्यासाठी बायॉस (लॅपटॉप सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) अपडेट दिला असेल तरच. नाहीतर स्क्रीन काळीच राहते. त्यामुळे दुसऱ्या पिढीतच राहा. आणि 'यू' अक्षराने संपणारे सगळे वगळा, ते सोल्डरचेच असतात.

आता उरलेल्यांतून निवडताना बहुतेक जण सर्वात वेगवान कोणता ते शोधतात. मी उलट बघतो: हेच मॉडेल कंपनीने तेव्हा कोणकोणत्या प्रोसेसरसह विकलं होतं? तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल शोधा, सुट्या भागांत प्रोसेसरची यादी असते. त्या यादीतल्या नावांना बायॉस ओळखतो, शिवाय कोणत्या प्रोसेसरला कोणता हीटसिंक (उष्णता बाहेर नेणारा धातूचा भाग) तेही बऱ्याचदा तिथेच लिहिलेलं असतं.

कारण खरी अडचण उष्णतेची आहे. तुमचा आय३ आहे ३५ वॅटचा. आय५-२५४०एम आणि आय७-२६४०एम हेही ३५ वॅटचेच, म्हणजे आहे तो पंखा आणि चार्जर पुरतो. दोन्ही दोन कोअरचेच, पण तुमचा आय३ २.१ गिगाहर्ट्झवर अडकलेला, त्याला टर्बो, म्हणजे गरजेला आपोआप वेग वाढवायची सोय, नाही. २६४०एम टर्बोत ३.५ पर्यंत जातो. फरक जाणवतो. चार कोअरचा आय७-२६७०क्यूएम मात्र ४५ वॅटचा. यादीत असेल आणि त्याच्यासाठीचा हीटसिंक मिळत असेल तर जरूर घ्या, व्हिडिओ एडिटिंगला तोच बरा. पण छोट्या हीटसिंकवर तापला की तो स्वतःच वेग कमी करतो, मग चार कोअरचे पैसे कशाला घालवायचे? ६५ वॅटचा चार्जर असेल तर तोही बदलावा लागू शकतो.

तुमच्या जागी मी असतो तर २६४०एम घेतला असता. पण त्याआधी, अजून जुनी हार्ड डिस्क असेल तर एसएसडी टाका आणि रॅम निदान ८ जीबी करा. 'सुरू व्हायला वेळ लागतो' ही तक्रार बहुतेक वेळा डिस्कची असते, प्रोसेसरची नाही. आणि विंडोज ११ साठी हा खर्च करत असाल तर थांबा: त्याच्या अधिकृत यादीत, मोजके अपवाद सोडले तर, इंटेलची आठवी पिढी आणि पुढचेच प्रोसेसर आहेत.

घेताना वापरलेलाच मिळेल. विक्रेत्याकडून पिनांच्या बाजूचा स्पष्ट फोटो मागा, आणि चिपवर 'इंटेल कॉन्फिडेन्शियल' छापलेलं असेल तर घेऊ नका, तो चाचणीसाठीचा नमुना असतो.

बसवताना आधी बायॉस अपडेट करा, तेही जुना प्रोसेसर आत असतानाच. मग चार्जर काढा, बॅटरी काढा. हीटसिंकच्या स्क्रूंजवळ आकडे कोरलेले असतात, त्याच क्रमाने थोडे थोडे सैल करा. सॉकेटच्या कडेला चपट्या पेचकसचा एक स्क्रू असतो, शेजारी उघड्या आणि बंद कुलपाची खूण. तो उघड्या कुलपाकडे अर्धा फेरा फिरवला की चिप आपोआप मोकळी होते. नवी चिप ठेवताना कोपऱ्यातला त्रिकोण जुळवा. ती स्वतःच्या वजनाने खाली बसली पाहिजे, बोटाने दाबायची वेळ आली तर कुठेतरी पिन वाकलेली आहे. चिप आणि हीटसिंक यांच्यामधली जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावा. आणि आय३ टाकू नका: लॅपटॉप सुरूच झाला नाही तर दोष नव्या चिपमध्ये की बोर्डात, ते तोच परत बसवून कळेल.